बगळ्याचे ध्यान आणि धनेशाची फेरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की कृष्णाकाठच्या गावागावांत गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. कुणी मुलाच्या नोकरीसाठी, कुणी मुलीच्या लग्नासाठी, कुणी घरातल्या आजारपणासाठी. सांगतेचा नैवेद्य होतो, पोथी रुमालात बांधून देव्हाऱ्यात जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न मनात घोळायला लागतो, "महाराज, आता आणखी किती दिवस धीर धरायचा?" हा प्रश्न मीही विचारलेला आहे, आणि खरे सांगायचे तर जरा रागानेच विचारलेला आहे. म्हणून धीर म्हणजे नेमके काय, यावर या दत्तजयंतीच्या निमित्ताने चार शब्द लिहावेत असे वाटले. मी कुणी प्रवचनकार नाही. जे पाहिले आणि ज्याने माझे डोळे उघडले, तेवढेच सांगतो.

आपल्या संप्रदायात पाहणे हीसुद्धा साधनाच मानली आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. जवळ काही नाही, तरी चेहऱ्यावर आनंद. राजा कारण विचारतो, तेव्हा अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. ते अवधूत म्हणजे श्रीदत्तात्रेयच, अशी आपली श्रद्धा. एकनाथ महाराजांनी याच स्कंधावर टीका लिहिली आणि शके १४९५ मध्ये ती काशीत पूर्ण केली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तभक्त होते, हे आपण जाणतोच.

या चोवीस गुरूंत कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी आणि कुंभारमाशी असे अकरा जीव आहेत. म्हणजे जवळजवळ निम्मे गुरू रानातले, पाण्यातले, नाहीतर घराच्या कोपऱ्यातले. यातल्या एकानेही अवधूताला समोर बसवून उपदेश केलेला नाही. ते आपापले जगत होते, आणि अवधूताने पाहिले. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सगळे गुरू 'असे वाग' म्हणून सांगत नाहीत. दिव्यावर झेपावणारा पतंग, गळाला लागणारा मासा हे 'असे वागू नकोस' म्हणून सांगतात. तेव्हा प्राण्यांपासून धीर शिकायचा तर कोणाचा घ्यायचा आणि कोणाचा टाळायचा, हे आधी पारखून घ्यावे लागते.

आमचे गाव पलूस तालुक्यात, नदीला लागून. श्रीक्षेत्र औदुंबरला दर गुरुवारी जायचा माझा परिपाठ. नोकरीत होतो तेव्हा सायकलवर जात असे, आता मिळेल त्या वाहनाने जातो. पहाटे घाटावर उभे राहिले की पाण्याच्या कडेला बगळा दिसतो. एक पाय वर, मान आखडलेली, पिसालाही हालचाल नाही. अर्धा तास तो तसाच. पलीकडे थंडीच्या दिवसांत एखादी मगर वाळूवर पडलेली असते, जबडा उघडा टाकून. आपल्या कृष्णेत मगरी आहेत, हे भिलवडीपासून सांगलीपर्यंत लहान पोरालाही ठाऊक आहे. तीही तासन् तास हलत नाही. नवखा माणूस म्हणतो, ओंडका आहे.

आता सांगा, या दोघांइतका धीर कोणाला आहे? आपल्याला अर्धा तास जपाला बसवत नाही. तरी आपल्या बापजाद्यांनी बगळ्याच्या या बसण्याला 'बकध्यान' म्हटले, आणि ते कौतुकाने नव्हे. कारण बगळ्याचे सारे लक्ष माशावर असते. मासा आला की ध्यान संपले. यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही, ते त्याचे पोट आहे. दोष आहे तो तसे बसून त्याला भक्ती म्हणणाऱ्या माणसाचा. आणि तो माणूस मी होतो.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात आमच्या सौभाग्यवतींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली. दवाखाना झाला, औषधे झाली, घरी आणले. मुलगा पुण्याला, सून नोकरीत. ती दोघे जमेल तसे येत. बाकी मी आणि दिवसातून दोन वेळा येणाऱ्या एक मावशी. त्या मार्गशीर्षात मी सप्ताह केला. नेम कडक पाळले, सोवळे पाळले, जमिनीवर झोपलो. संकल्प सोडताना मनात म्हणालो, "महाराज, पौर्णिमेपर्यंत हिला चालती करा." चाळीस वर्षे दत्ताची उपासना केली म्हणून जणू माझे काही येणे बाकी होते, आणि मी वसुलीला तारीख दिली होती.

पौर्णिमा आली. पाळणा झाला, सुंठवडा वाटला. ही खाटेवर जशी होती तशीच. दुसऱ्या गुरुवारी मी औदुंबरला गेलो नाही. तिसऱ्याही नाही. आणि पौषातल्या एका दुपारी हिच्या डाव्या हातातून पाण्याचा पेला निसटला, अंथरूण भिजले. तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. ती काही बोलू शकत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने मान भिंतीकडे वळवली. काय सांगू, माझा राग देवावर होता आणि तो निघाला तिच्यावर. अधीरपणाचे असेच असते. ज्याच्यावर रुसतो तो हाती लागत नाही, आणि हाताशी असलेला माणूस भरडला जातो.

आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून परड्यातला जुना रायवळ आंबा दिसतो. त्याच्या खोडात उंचावर एक ढोली आहे. चैत्रात एके सकाळी ही डाव्या हाताने खिडकीकडे खुणा करायला लागली. मावशी म्हणाल्या, "गुर्जी, आवं ते शिंगचोचं आलंय बघा. बाई कवाधरनं दावत्यात."

राखी धनेश. करड्या रंगाचा, लांब शेपटीचा, बाकदार चोचीवर छोटे शिंग असलेला. पक्षी मी पूर्वीही पाहिला होता, पण त्याचा संसार कधी पाहिला नव्हता. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. आपलीच विष्ठा आणि नराने आणून दिलेला चिखल यांनी भोक बुजवत आणते आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. सापापासून, शिकारी पाखरांपासून पिले वाचावीत म्हणून. आत बसल्यावर तिची उडायची पिसे गळून पडतात. म्हणजे दार फोडले तरी तिला उडता यायचे नाही. कित्येक आठवडे तिचे आणि पिलांचे जगणे नराच्या चोचीवर.

आणि तो नर! आमच्या ओढ्याकाठी मोठे उंबर आहे. तिथून तो घशात उंबरे भरून आणायचा, ढोलीजवळ खोडाला बिलगून बसायचा आणि एकेक फळ घशातून वर काढून त्या फटीत द्यायचा. कधी किडा, कधी सरडाही. फळे संपली की परत ओढा. चैत्र-वैशाखाचे ऊन तुम्हाला माहीत आहे. कावळे त्याच्या मागे लागायचे, एकदा वळवाच्या वादळात आंब्याची मोठी फांदी मोडली, पण त्याची फेरी चुकली नाही. आत अंडी फुटली का, पिले किती, जगली का, हे त्याला दिसत नव्हते. दिसत होती ती फक्त एक फट आणि तिच्यातून बाहेर येणारी चोच.

ही त्या फेऱ्या बोटांवर मोजायला लागली. मी बाहेरून आलो की डाव्या हाताची बोटे दाखवायची, आज इतक्या. एक दिवस दुपार उलटली तरी धनेश आला नाही. हिचे डोळे खिडकीवरून हलेनात. मीही येरझाऱ्या घालू लागलो. चारच्या सुमाराला तो आला. हिच्या तोंडून शब्द फुटला, "आला." झटक्यानंतरचा तिचा तो काही पहिला शब्द नव्हता, पण इतका स्पष्ट मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या रात्री मला झोप आली नाही. वाटले, ही बंद ढोलीत आहे. हिचे पंख गळालेले आहेत. हिची सारी भिस्त फटीतून येणाऱ्या एका चोचीवर आहे, आणि ती चोच म्हणजे मी. त्या पौषातल्या दुपारी तिने मान भिंतीकडे वळवली तेव्हा तिला काय वाटले असेल? मी देवाला विचारत होतो की तू केव्हा येणार. आणि जिच्याकडे मी जायचे होते ती गप्प राहून माझी वाट पाहत होती. श्रद्धा कोणाची मोठी होती, माझी की तिची?

धीर म्हणजे नुसते वाट पाहणे नव्हे, हे मला त्या पाखराने शिकवले. बगळाही वाट पाहतो. फरक एवढाच की बगळ्याचा धीर आपल्या घशासाठी असतो आणि धनेश आपल्या घशात भरलेले दुसऱ्याला देतो. बगळ्याला मासा दिसला पाहिजे. धनेशाला आतले काही दिसत नाही, तरी पुढची फेरी होते. न दिसणाऱ्यासाठी केलेली ही आजची फेरी, हीच श्रद्धा. उद्या काय होईल हे त्या फेरीत येत नाही.

इथे कुणी जाणकार म्हणेल, "अहो, पण अवधूताने कपोताची गोष्ट कशासाठी सांगितली?" बरोबर आहे. कपोत-कपोतीचा एकमेकांवर आणि पिलांवर फार जीव. पारध्याच्या जाळ्यात पिले सापडली, आईने मागे उडी घेतली, आणि तिच्या मागे बापानेही. सगळे घरच बुडाले. मग धनेशाची माया ही तीच आसक्ती नव्हे का? यावर मी पुष्कळ विचार केला. ज्येष्ठ लागताना ढोलीचे दार फुटले. मादी आणि पिले बाहेर आली, चार दिवस परड्यात बागडली आणि निघून गेली. नर ढोलीजवळ रडत बसला नाही. दार बंद होते तोवर एकही फेरी चुकवली नाही, आणि दार उघडल्यावर कुणाला अडवले नाही. कपोताला हे दुसरे जमले नाही. आपण संसारी माणसे बहुधा उलटे करतो. मुले लहान असताना त्यांच्यासाठी वेळ नसतो आणि ती पंख फुटून पुण्या-मुंबईला गेली की त्यांच्या नावाने उसासे टाकतो.

अवधूताच्या गुरूंतला कुररही मला तेव्हाच समजला. चोचीत मांसाचा तुकडा घेतलेल्या कुररावर दुसरे बळकट पक्षी तुटून पडतात. तो तुकडा टाकून देतो आणि सुखी होतो. माझ्या चोचीतला तुकडा म्हणजे ती 'पौर्णिमेपर्यंत'ची तारीख होती. ती टाकली. उपासना टाकली नाही. वैशाखातल्या पहिल्या गुरुवारी पुन्हा औदुंबरला गेलो. पादुकांपुढे उभे राहिल्यावर मागावेसे काही सुचलेच नाही.

धीराच्या नावाखाली आणखी दोन गोष्टी खपतात. एक आळस. 'असेल माझा हरी' म्हणून हातपाय पोटाशी घेऊन बसायचे आणि वर अजगराचा दाखला द्यायचा. अवधूत अजगराला गुरू मानतो हे खरे. आपोआप मिळेल ते घ्यावे, न मिळाल्यास स्वस्थ राहावे, हे तो त्याच्यापासून शिकला. पण ते संन्याशाचे व्रत आहे. आणि रानातला अजगर वाटतो तितका आळशीही नाही. आपल्या चांदोली-कोयनेच्या रानातही तो आहे. त्याची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते, त्या काळात बहुधा काही खात नाही, आणि गारवा वाढला तर अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते. लांबून पाहणाऱ्याला वाटते, पडून आहे. जवळून पाहिले तर ती सेवा चालू असते. घरात आजाऱ्यापाशी नुसत्या बसून असलेल्या बाईला 'दिवसभर काय केलंस' असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट हट्ट. गुरुचरित्रातली करवीरच्या ब्राह्मणपुत्राची कथा आपल्या अगदी घरची. विद्या येत नाही म्हणून लोकांनी हिणवले, तेव्हा तो भिलवडीच्या भुवनेश्वरीपुढे धरणे धरून बसला आणि अखेर त्याने आपली जीभच कापून वाहिली. देवीने काय सांगितले? पलीकडच्या तीरावर औदुंबरातळी जे यती आहेत त्यांच्याकडे जा. म्हणजे याच दारात बसून राहू नकोस, नदी ओलांड. माझी बहीण खटाव तालुक्यात असते. तिकडे मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. दुष्काळाच्या साली तळे आटले की ते येत नाहीत. लोक म्हणतात, पाखरांनी पाठ फिरवली. पाखरू कोरड्या तळ्यावर हट्टाने बसून मरत नाही, पाणी असेल तिथे जाते, आणि तळे भरले की पुन्हा दिसते. औषध लागू पडत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला विचारणे, व्यायाम शिकवणाऱ्याला घरी बोलावणे, यात श्रद्धेला काही कमीपणा नाही. नदीत मगर असताना 'महाराज बघतील' म्हणून खोल पाण्यात उतरणे हीसुद्धा श्रद्धा नव्हे.

मग खरा धीर माणसात कुठे दिसतो? गुरुचरित्रात नरहरी नावाचा कुष्ठरोगी गाणगापूरला येतो. श्रीगुरू त्याला औदुंबराचे वाळलेले लाकूड देतात आणि संगमावर रोवून पाणी घालायला सांगतात. तो घालू लागतो. लोक हसतात, वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते का म्हणतात. तो आपला पाणी घालत राहतो. पुढे श्रीगुरू येतात, कमंडलूतले पाणी शिंपडतात, लाकडाला पालवी फुटते आणि नरहरीची कायाही निर्मळ होते. आपण वाचताना पालवीपाशी हात जोडतो. मला आता वाटते, हात त्याच्या आधीच जोडायला हवेत, तो लाकडाला पाणी घालतो आहे तिथे. श्रीगुरू प्रसन्न झाले ते पालवी फुटायच्या आधी.

असे वाळके लाकूड आपल्या जिल्ह्यात माझ्या पिढीने प्रत्यक्ष पाहिले आहे. देवराष्ट्र्याजवळचे सागरेश्वराचे डोंगर एके काळी बोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसे जोडली. झाडे लावली, जगवली, कुंपण झाले, चितळ-सांबर आणून सोडले. १९८५ मध्ये ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. क्षेत्र मोठे नाही, १०.८७ चौरस किलोमीटर. पण हे माणसाने लावलेले रान आहे. मुरमाड उतारावर पहिला खड्डा काढणाऱ्याला तिथे हरणाचा कळप दिसत नव्हता, दिसत होता तो फक्त मुरूम. आज श्रावणात सागरेश्वराच्या दर्शनाला जाणारा भाविक त्या झाडांच्या सावलीत टेकतो, आणि पाणी घालणारे हात कोणाचे होते हे त्याला ठाऊकही नसते.

उंबराचे तरी दुसरे काय आहे? 'उंबराचे फूल' म्हणजे न दिसणारी गोष्ट, असे आपण बोलतो. फुले असतात, पण फळाच्या आत. एक चिमुकली माशी बारीक भोकातून आत शिरते, शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. आत ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिढी बाहेर पडून दुसऱ्या उंबराकडे जाते. या माशीवाचून उंबराला बी धरत नाही. आपण फळ फोडतो, किडे दिसले की फेकून देतो. ते फळ धनेश खातो, आणि त्याच्या विष्ठेतून बी कुठल्या तरी भिंतीच्या फटीत नाहीतर नदीच्या दरडीत रुजते. ज्या झाडाखाली दत्तमहाराजांच्या पादुका आहेत, त्या झाडाचा वंश असा कोणाला न दिसणाऱ्या फेऱ्यांवर चालला आहे.

वाचकांना उत्सुकता असेल म्हणून सांगतो. आमच्या सौभाग्यवती आता काठी धरून तुळशीपर्यंत जातात. उजवा हात आला नाही, आणि डॉक्टर म्हणतात फारसा येणार नाही. बोलणे मोजके आहे, पण घर चालवायला पुरते. याला मी चमत्कार म्हणत नाही. व्यायाम, औषधे आणि तिची जिद्द. बदललो तो मी. पेला अजून कधी कधी पडतो. अंथरूण बदलून घेतो, दुसरा पेला भरून देतो.

गेल्या चैत्रात धनेशाची जोडी आमच्या ढोलीकडे आली नाही. मी म्हटलं, "यंदा विसरली वाटतं." ही म्हणाली, "अहो, दुसरं झाड असेल." आणि डाव्या हाताने हरिपाठाचे पान उलटले.

या पौर्णिमेला दर्शन झाल्यावर देवळातल्या औदुंबराखाली घटकाभर बसा. काही मागू नका. वर फळांत पाखरांची ये-जा चाललेली असेल, ती नुसती पाहा. आणि मग उठून घरी जा. तिथे कोणीतरी एका फटीपाशी तुमची वाट पाहत असेल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥